आठ तारखेची मॅच

रविवारी दुपारपासून एल्डन राऊटिओ गावातल्या फिनलंडकडच्या लोकांनी बांधलेल्या फिनिश हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. दोनशे खुर्च्या. मांडून झाल्या की मागे सरायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि पुन्हा पहिल्या रांगेपासून सरळ करायला लागायचा. माणसाला आतून काही खुपत असलं की तो असली कामं काढून बसतो. बायको मार्लिस स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिच्याने राहवेना.

"अरे, लोक बसायला येणारेत की रांगा तपासायला? ये इकडे, त्या पेस्टी भट्टीत सरकव. शंभर आहेत."

तो गेला. बीफ आणि बटाटा भरलेल्या जाडजूड पेस्टींचे ट्रे भट्टीत सरकवताना त्याचा हात पोळला, तरी त्याला कळलं नाही. मार्लिसला कळलं. तिने त्याचा हात नळाखाली धरला आणि म्हणाली, "होईल रे. सव्वीस मॅच जिंकलेल्यांना कोण बाहेर ठेवतंय?"

एल्डनने हात काढून घेतला आणि पुढचा ट्रे उचलला. सव्वीस जिंकलेल्यांना बाहेर ठेवतात, हे त्या हॉलमध्ये येणाऱ्या दोनशे माणसांत फक्त त्याला ठाऊक होतं. का ठेवतात, तेही ठाऊक होतं.

सहा वाजता टीव्हीवर यादी जाहीर व्हायची होती. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. देशभरात साडेतीनशेच्या वर कॉलेजं, त्यातली अडुसष्ट आत. आपापली लीग जिंकलेली कॉलेजं थेट जातात. उरलेल्या जागा निवड समिती भरते. आमचं सेंट हेन्रिक कॉलेज जन्मात कधी गेलेलं नाही. यंदा एकतीसपैकी सव्वीस जिंकलं आणि लीगची फायनल गेल्या रविवारी दोन गुणांनी घालवली. म्हणजे आता सगळी भिस्त समितीवर. आमच्या टॅमरॅक बे गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पेट्रोल पंपावर तेच, चर्चच्या पायरीवर तेच. दातांचा डॉक्टरसुद्धा पेशंटच्या तोंडात हात घालून तेच विचारत होता.

एल्डन या टीमचा सहायक कोच. बावीस वर्षं तोच. टीमची कॅप्टन सिग्नी, त्याची मुलगी, एकुलती एक. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. आता गेली तर गेली, नाही तर कधीच नाही. पुढे कुठल्या तरी शाळेत शिकवेल, पोरांना पकडून ड्रिबल करायला लावेल, पण त्या स्पर्धेच्या कोर्टवर तिचं पाऊल पडणार नाही. पाच वर्षांची असल्यापासून ती त्या पावलासाठी पळत होती. उन्हाळ्यात गॅरेजसमोर, हिवाळ्यात बर्फ खरवडून काढून, तिथेच.

आता मॅचच्या वेळापत्रकाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

लीगमधल्या मॅच ठरलेल्या असतात, त्यात कुणाला काही करता येत नाही. पण त्याआधीच्या, नोव्हेंबर-डिसेंबरातल्या बारा मॅच ज्याच्या त्याने जमवायच्या. हे काम मे महिन्यात फोनवर चालतं, आणि ते हुबेहूब स्थळं बघण्यासारखं आहे. कोण कुणाच्या दारात जाणार, कोण कुणाच्या तोलामोलाचं, कोणाला तारीख जमत नाही आणि कोण नुसतंच जमत नाही म्हणतंय. एल्डन यात मुरलेला. आवाजावरून त्याला कळायचं समोरचा हो म्हणणार की नाही ते. मुख्य कोच वाल्दिविया आल्या तेव्हा त्यांनी हे खातं डोळे मिटून त्याच्याकडे ठेवलं. त्या ॲरिझोनाच्या, वाळवंटातल्या. इकडच्या कॉलेजांची, रस्त्यांची, बर्फाची त्यांना काय माहिती असणार?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सिग्नीचा गुडघा गेला. भर मॅचमध्ये, कोणी धक्काही दिला नसताना. ती उडी मारून खाली आली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो एल्डनने आधी कधी ऐकला नव्हता. बेंचवरून तो कोर्टवर कसा पोचला हे त्याला आजही सांगता येत नाही. मार्चमध्ये ऑपरेशन. मे महिन्यात ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, आणि खाली आल्यावर जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणायची, "बाबा, नोव्हेंबरात पहिली मॅच कुणाशी? तगडं कोणीतरी आण हं."

त्याच आठवड्यात कॅरो स्टेटची मेल आली. कॅरो म्हणजे देशातल्या पहिल्या पाचातली टीम. त्यांची आठ नोव्हेंबरची मॅच कोणीतरी अचानक मोडली होती. आमच्याकडे याल का, असं त्यांनी आपणहून विचारलं होतं. बावीस वर्षांत असलं स्थळ आपल्या पायांनी चालत आलेलं एल्डनने पाहिलं नव्हतं. हरलो असतो तरी चाललं असतं. थोड्या फरकाने हरलो असतो तर उलट भाव वाढला असता, कारण समिती नुसता विजय बघत नाही, कुणाशी खेळलात ते बघते.

पण एल्डनने मेल वाचली आणि त्याच्या डोळ्यांसमोर कॅरोची ती सहा फूट पाच इंची सेंटर आली. ती पोरगी माणसाला बाजूला सारत नाही, आडवं करते. आणि तिच्यासमोर सिग्नी, आठ महिन्यांच्या शिवलेल्या गुडघ्यावर.  जिन्यावर वर पावलं वाजत होती. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. ती पावलं मोजत मोजतच त्याने कॅरोला नकार टाइप केला.

आणि मग एकदा घसरण लागली ती लागलीच. आठ तारखेला त्याने डोंगरापलीकडचं एक बायबल कॉलेज बोलावलं. त्याच्याशी झालेली मॅच राष्ट्रीय हिशेबात धरतच नाहीत. जिंका, नाचा, घरी जा. पुढेही तसंच. ओहायोतली एक स्पर्धा, जिथे तिन्ही टीम यथातथा. मग देशातल्या शेवटच्या दहांतल्या दोन टीम. सिग्नी हळूहळू रुळेल, टीम हरणार नाही, सगळं नीट होईल. बापाचं मन. त्याला काय नावं ठेवायची? पण ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही.

मेल कोचनाही गेली होती. त्या उड्या मारतच त्याच्या खोलीत आल्या. "एल्डन! कॅरो! बघितलंत ना?"

तो तोंड वर न करता म्हणाला, "बघितलं. पण आठ तारीख आहे, कोच. त्या दिवशी हरणांची शिकार सुरू होते. बसचा ड्रायव्हर मिळायचा नाही, फिजिओ मिळायचा नाही, अर्धं गाव रानात. जमणार नाही."

कोचचा चेहरा पडला, पण त्यांनी एक शब्द काढला नाही. आल्या आल्या पहिल्याच वर्षी त्यांनी शिकारीच्या पहिल्या दिवशी घरची मॅच घेतली होती. स्टँडमध्ये एकसष्ट माणसं. बँडवाले नाहीत, गुण लिहिणारा नाही, पॉपकॉर्न विकणारी बाईसुद्धा झाडावर चढून बसलेली. वर गावाने वर्षभर त्यांची फिरकी घेतली ती वेगळीच. तेव्हापासून हरणांच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला होता. कोणी हरीण म्हटलं की त्या गप्प. हे एल्डनला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने ते कारण उचललं होतं.

साडेपाचला हॉल भरला. टीम आली, बाराही पोरी हिरव्या जॅकेटमध्ये, केस विंचरून, लिपस्टिक लावून, जणू लग्नालाच आलेल्या. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. सिग्नी सगळ्यात मागून आली. उंच, खांदे बापासारखे, चाल आईसारखी. एल्डनच्या जवळून जाताना तिने त्याच्या टकलावर टिचकी मारली.

"बाबा, घाम आलाय तुला. घरी जाऊन झोप, मी उद्या सांगते कोण जिंकलं."

"चल, बस तिकडे," तो म्हणाला.

पहिल्या रांगेत ऑरव्हल कांगास आधीच ठाण मांडून होता. हा आमच्या गावचा भोंगा. पंचाहत्तर वर्षं, दोन्ही गुडघे बदललेले, एकही मॅच न चुकवलेला आणि एकही गोष्ट मनात न ठेवणारा. तिसरी पेस्टी खाता खाता तो ओरडला, "एल्डन! पुढच्या वर्षी ते बायबल कॉलेज परत आण रे! एकाहत्तर गुणांनी जिंकलो तेव्हा माझा टाळ्या वाजवायचा हात सुजला होता. त्या पोरी बिचाऱ्या मॅच संपल्यावर आपल्याच पोरींबरोबर फोटो काढत होत्या!"

सगळे हसले. एल्डनही हसला. असं हसताना गालाचं कातडं ताणलं जातं, तेवढंच.

सहा वाजले. टीव्हीवर गुळगुळीत केसांचा निवेदक आला आणि एकेक गट वाचू लागला. पहिल्या गटात सतरा नावं. आपलं नाही. ठीक आहे. दुसऱ्यात कॅरो स्टेट, अर्थातच वरती. आपलं नाही. पोरींनी एकमेकींचे हात धरले. तिसऱ्या गटात "सेंट" असं आलं आणि अर्धा हॉल उभा राहिला, पण ते दुसरंच सेंट निघालं. लोक हसत खाली बसले, पण हसणं आता पातळ झालं होतं. मार्लिस स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, ती पुसतच होती.

चौथा गट. एकेक नाव खाली उतरत गेलं. शेवटच्या जागेवर निवेदक थांबला, गालात हसला आणि म्हणाला, "हॉलिंग क्रीक."

हॉलमध्ये कोणाला काही कळलंच नाही. मग एका पोरीने विचारलं, "संपलं?"

वाटाण्याच्या अक्षता. सव्वीस विजय घेऊन आमच्या पोरी घरी, आणि हॉलिंग क्रीक, वीस विजय, दहा पराभव, आत. टीव्हीवरची बाई समजावून सांगायला लागली, जणू काही आम्ही विचारलं होतं. म्हणाली, सेंट हेन्रिकची टीम चांगली आहे, पण लीगबाहेर त्या खेळल्या कुणाशी? त्यांच्या पहिल्या बारा मॅचचं वेळापत्रक देशात शेवटून विसावं. त्यातली एक मॅच तर हिशेबातच नाही. उलट हॉलिंग क्रीक बघा, हंगामाच्या पहिल्याच शनिवारी कॅरो स्टेटच्या दारात गेल्या, नऊ गुणांनी हरल्या, पण समितीच्या लक्षात राहिल्या.

पहिला शनिवार. आठ नोव्हेंबर.  आपण नको म्हटलेलं ताट दुसऱ्याने उचललं, जेवला, आणि वर तृप्तीचा ढेकर दिला, असं ते झालं. हरून आत गेल्या त्या!

"च्यायला त्या समितीच्या!" ऑरव्हल गरजला. "विजय मोजता येत नाहीत का हरामखोरांना?"

मग मागून कोणीतरी, आवाज फार न चढवता, म्हणालं, "पण वेळापत्रक खरंच मिळमिळीत होतं." दुसऱ्याने री ओढली. "बायबल कॉलेज कुणी आणलं?" माना हळूहळू एल्डनकडे वळायला लागल्या. जिथे तासाभरापूर्वी एकाहत्तर गुणांच्या गोष्टी चालल्या होत्या तिथे आता खापर फोडायला डोकं शोधणं चाललं होतं. लोक असेच असतात, आमचेही.

आणि तेव्हा कोच वाल्दिविया उठल्या. छोट्या चणीची बाई, डोळे लाल, पण आवाज कडक.

"एक मिनिट. एल्डनला कोणीही काही बोलायचं नाही. या माणसाने कॅरो स्टेटची मॅच हातात आणली होती. हो, तुम्ही बरोबर ऐकलंत. आठ नोव्हेंबर, कॅरोने आपल्याला बोलावलं होतं. हॉलिंग क्रीकच्या जागी आपण असतो. आणि ती का सोडावी लागली माहितीय? तुमच्या हरणांपायी! त्या दिवशी शिकार सुरू होते म्हणून. बसला ड्रायव्हर नाही, कोणी नाही. तेव्हा बोलायचंच असेल तर आपापल्या बंदुकांना बोला."

एल्डनला वाटलं, या बाईच्या पाया पडावं आणि म्हणावं, गप्प बसा, देवासाठी गप्प बसा. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

हॉल क्षणभर गोंधळला. ऑरव्हलने तोंडातला घास गिळला.

"आठला? कोच, आठला कोण जातं शिकारीला? पंधरा! पंधरा नोव्हेंबर. माझ्या आज्यापासून पंधरा आहे. हरणांनासुद्धा तारीख पाठ आहे हो, चौदाला संध्याकाळी निरोप घेतात एकमेकांचा!"

अशा वेळीसुद्धा चार जण फस्सकन हसले. कोच म्हणाल्या, "पण ती दरवर्षी बदलते ना? थँक्सगिव्हिंगसारखी? यंदा आठला येतेय, असं..." आणि वाक्य तिथेच राहिलं. असं कुणी सांगितलं, ते त्यांना बोलता बोलताच आठवलं. त्यांनी एल्डनकडे पाहिलं.

ऑरव्हल अजून हसतच होता. "बदलते? बाई, नाताळ बदलेल, पंधरा नाही बदलायची. तुम्हाला कुणी तरी मस्त शेंडी लावली!"

सिग्नी खुर्चीवरून उठली नव्हती. बापाबरोबर ती दहाव्या वर्षापासून रानात जात होती. चौदाच्या संध्याकाळी थर्मास भरणं तिचं काम, पंधराच्या पहाटे त्याला हलवून उठवणं तिचं काम. पहिलं हरीण तिने पंधरालाच पाडलं होतं. त्याची शिंगं अजून गॅरेजच्या भिंतीवर आहेत. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ती उठली, शेजारी रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

एल्डन तिच्या मागे निघाला. वाटेत कोचनी त्याला अडवलं. तो थांबला, आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून. कोच त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाल्या, "खुर्च्या आम्ही उचलू. तुम्ही जा." बस, एवढंच. त्या बाईने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर अजून उजेड होता. मार्चमधली लांबलेली संध्याकाळ, तळं अजून गोठलेलं, पार्किंगच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग. सिग्नी त्याच्या पिकअपला टेकून उभी होती.

"आठ तारीख मोकळी होती," ती म्हणाली.

खोटं बोलायची एक संधी अजून होती. त्याच्या मनात येऊनही गेलं. "हो," तो म्हणाला.

"त्यांनी बोलावलं होतं. त्यांनी स्वतःहून."

"हो."

"आणि तू नको म्हणालास."

"मे महिना होता गं तो. तुला जिना उतरता येत नव्हता. कठड्याला धरून तू..."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू हो म्हणाली असतीस."

"मग? हो म्हटलं असतं तर काय आकाश कोसळलं असतं?"

"त्यांची ती सेंटर बघितलीस ना? तिने तुला एकदा जरी..." त्याने गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. "सिग्नी, फेब्रुवारीत तू ओरडलीस ना, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला पुन्हा तो ऐकायचा नव्हता. दुसरं काही नाही. मला नव्हता ऐकायचा."

"तुला नव्हता ऐकायचा," ती म्हणाली. तिने मान हलवली. "गुडघा माझा होता, बाबा. दुखणार मला होतं. आणि आत अकरा जणी रडतायत ना, त्यांच्या गुडघ्याला तर काहीच झालं नव्हतं."

एल्डनने हॉलच्या दाराकडे पाहिलं.

"तुला माहितीय मी त्यांना वर्षभर काय सांगत होते? कॅप्टन ना मी! म्हणायचे, मोठी कॉलेजं आपल्याला टरकून आहेत, म्हणून बोलवत नाहीत. आणि रात्री पडल्या पडल्या वाटायचं, नाही गं, आपल्याला कोणी विचारतच नाही, आपली लायकीच तेवढी. त्या बायबल कॉलेजच्या पोरी फोटो काढत होत्या ना, मला लाज वाटत होती. त्यांची नाही, माझी. एकाहत्तर गुणांनी जिंकून मी घरी येऊन रडले होते. आईला विचार."

"मला नाही सांगितलंस."

"कशाला सांगू? तू किती खूश होतास!" तिने नाक पुसलं. "आठवतं तुला, मी पाच वर्षांची होते, गॅरेजसमोर सगळे मोठे चुलतभाऊ खेळायचे आणि मला कच्चं लिंबू घ्यायचे? बॉल हातात द्यायचे, कोणी अडवायचं नाही, बास्केट झाली की टाळ्या, आणि गुण कोणी धरायचंच नाही. मी रडत आत आले. तू बाहेर गेलास आणि त्यांच्यावर ओरडलास. म्हणालास, तिच्याशी खरं खेळा, नाही तर बॉल आत द्या."

त्याला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता.

"तूच ओरडला होतास, बाबा," ती म्हणाली. "आणि तूच मला कच्चं लिंबू केलंस. माझ्या शेवटच्या वर्षी. सगळ्या देशासमोर."

हॉलमधून माणसं बाहेर पडायला लागली होती. कोणीतरी गाडी सुरू केली. ऑरव्हल काठी टेकत पायऱ्या उतरत होता. त्याने या दोघांना पाहिलं, हात वर करायला गेला, आणि काय वाटलं कोण जाणे, हात तसाच खाली घेतला.

"गाडीत बस," एल्डन म्हणाला. "घरी जाऊ. आई येईल ऑरव्हलबरोबर."

"मी चालत जाते."

"अगं, दोन मैल आहेत. चढावर बर्फ आहे. घसरशील."

शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा त्याला कळलं आपण काय बोललो. सिग्नी थांबली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग असता तरी त्याने सोसला असता. मग तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि चालायला लागली.

तो गाडीत बसला. दुसरं काय करणार होता? इंजिन सुरू केलं आणि तिच्या मागे, माणसाच्या चालीने, गाडी हाकत राहिला. मागून येणारे पुढे निघून जात होते, कोणी हॉर्न वाजवला नाही. तळ्याच्या कडेचा रस्ता संपला आणि किल्पी रस्त्याचा चढ लागला. तो चढ असा की धडधाकट माणूसही मधे एकदा कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. बर्फ दिवसा वितळून पुन्हा धरला होता.

एल्डनची नजर तिच्या उजव्या गुडघ्यावर होती. वर्षभर ती तिथेच होती, सरावात, मॅचमध्ये, जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा. आत्ता तो लंगडण्याची वाट बघत होता. एकदा तरी पाय कचरेल, एकदा तरी ती कुंपणाला हात लावेल, आणि मग तो दार उघडून धावेल. चढाच्या मध्यावर, जिथे सगळेच घसरतात, तिथे ती डाव्या पायावर सरकली. एल्डनने ब्रेक दाबला. पण तिने सगळा भार उजव्यावर घेतला, तो पाय जागचा हलला नाही, आणि ती वर गेली.

वर घरासमोर गॅरेजच्या दारावर बास्केटची ती जुनी रिंग लावलेली होती, जाळी बर्फाने आखडलेली. सिग्नी तिकडे न बघता आत गेली आणि तिच्या खोलीतला दिवा लागला. जिन्यावरची तिची पावलं त्याला गाडीतून ऐकू आली नाहीत, पण ती सलग, न थांबता चढली असणार, हे त्याला ठाऊक होतं. तो इंजिन बंद न करता तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने मार्लिसला घेऊन ऑरव्हल आला. मार्लिसने काचेवर टकटक केली आणि विचारलं, "पाय कसा आहे तिचा?"

"चांगला आहे," एल्डन म्हणाला. "एकदम चांगला आहे."